स्क्रीनवर दिसणारा क्रमांक

‘अधिक माहितीसाठी स्क्रीनवर दिसणाऱ्या क्रमांकावर संपर्क साधा.’ मराठी वाहिन्यांवर हे वाक्य दिवसभर कुठे ना कुठे चालूच असते. निवेदक ते घोळवून म्हणतो आणि नेमके ते दहा आकडे उच्चारायचे सोडून देतो. ज्याला दिसत नाही त्याची जाहिरात तिथेच संपते. मतमोजणीच्या दिवशी सगळा निकाल पडद्याच्या खालच्या पट्टीत सरकत असतो आणि वर स्टुडिओत चारजण एकमेकांचे बोलणे तोडत असतात. कोणत्या मतदारसंघात कोण पुढे आहे, हे ‘जसे आपण पाहू शकता’ एवढ्यावरच राहते. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. दिसत नसलेले कुणी समोर बसले असेल, ही शक्यताच निवेदकाच्या मनात येत नाही. पण ही झाली कार्यक्रम सुरू झाल्यानंतरची गोष्ट. अंध आणि अल्पदृष्टी माणसाची टीव्हीशी खरी झटापट त्याच्याही आधी, म्हणजे हवी ती वाहिनी लावतानाच सुरू होते. आणि तिथे एक विचित्र गोष्ट लक्षात येते. टीव्ही जितका हुशार होत गेला, तितका तो अंधांच्या हातून निसटत गेला. त्याला बोलता येत नाही म्हणून असे झाले नाही. त्याने बोललेच पाहिजे, असे त्याला आपण कधी बजावले नाही, म्हणून झाले.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळातल्या लाकडी पेटीतल्या टीव्हीला वाहिनी बदलायला खटखट आवाज करणारा खटका असे आणि आवाज कमीजास्त करायला गोल बटण. बोटांना दोन्ही सहज कळत. पुढे केबल आली, रिमोट आले, पण रिमोटवर ‘५’च्या बटणाला बारीक उंचवटा असतो, त्याच्या आधाराने बाकीचे आकडे सापडत आणि केबलवाल्याचे क्रमांक पाठ करून काम भागे. अंध माणूस घरातल्या कुणाहीइतक्याच सहजपणे बातम्या लावू शकत होता. गाडी रुळावरून घसरली ती केबलच्या डिजिटायझेशनपासून. ऑक्टोबर २०१२ अखेर मुंबईत आणि मार्च २०१३ अखेर पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला; पुढच्या टप्प्यांत तो खेड्यापाड्यांत पोचला. चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या शेकड्यांनी वाढल्या, आणि त्या सगळ्याची किल्ली मात्र पडद्यावरच्या यादीत गेली. २०१९मध्ये दूरसंचार नियामक ट्रायच्या नव्या दरप्रणालीने प्रत्येकाला आपल्या वाहिन्या निवडण्याचा अधिकार दिला. तो अधिकार बजावायची एक वाटही त्याच यादीतून जाते. वाहिन्यांचे क्रमांक बदलतात, तेव्हा पाठांतर एका रात्रीत निकामी होते. कोकणात जुलैच्या पावसात डिशचा सिग्नल गेला की पडद्यावर तसा संदेश झळकतो, रिचार्ज संपले तरी संदेशच झळकतो. न दिसणाऱ्याला ऐकू येते ती फक्त शांतता. वीज गेली, पाऊस लागला की पैसे भरायचे राहिले, हे त्या शांततेवरून ओळखायचे कसे?

त्यानंतर स्मार्ट टीव्ही आला आणि रिमोटवरचे आकडेच नाहीसे झाले. राहिले एक गोल चक्र आणि चारदोन बटणे. आता बोटांनी मोजण्यासारखे काही उरले नाही. चक्राने पडद्यावरची चौकट इकडून तिकडे सरकवायची आणि डोळ्यांनी हेरून ‘ओके’ दाबायचे. अल्पदृष्टी असलेल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना टीव्ही दिसतो, पण करड्या पार्श्वभूमीवरची फिकट अक्षरे दिसत नाहीत, आणि निवडलेली चौकट बाकीच्या चौकटींपेक्षा जेमतेम उजळ असते. मेन्यूची रचना करणाऱ्याला ती देखणी वाटली असेलही.

या दुखण्यावरचा उपाय नवा नाही, गूढ नाही आणि महागही नाही. पडद्यावरची चौकट जिथे जाईल तिथले शब्द टीव्हीने मोठ्याने वाचायचे, एवढेच. ब्रिटनमध्ये अंधांसाठी काम करणाऱ्या आरएनआयबी या संस्थेच्या सहकार्याने पॅनासॉनिकने २०१२मध्ये बोलणारे टीव्ही बाजारात आणले. २०१३मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने टीव्हीने मजकूर कसा वाचून दाखवावा याचे मानकच प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक आयईसी ६२७३१. अमेरिकेत कॉमकास्ट या केबल कंपनीने २०१४च्या अखेरीस आपल्या बॉक्सवर बोलणारी कार्यक्रम-यादी दिली. आज सॅमसंग, एलजी आणि अँड्रॉइडवर चालणाऱ्या टीव्हींत ही सोय वेगवेगळ्या नावांनी असते. अमेझॉनच्या फायर टीव्हीवर ‘बॅक’ आणि ‘मेन्यू’ ही बटणे दोन सेकंद एकत्र दाबून धरली की पडदा बोलू लागतो. म्हणजे आपल्याकडे दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेल्या कित्येक टीव्हींना आजही वाचा आहे. ती कुणी चालू केलेली नसते, कारण आहे हेच ठाऊक नसते. विकणाऱ्याला नसते, घरी येऊन टीव्ही बसवून देणाऱ्या पोऱ्याला नसते आणि घेणाऱ्यालाही नसते. त्यातून कित्येक टीव्हींत ही सोय सेटिंगच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर लपलेली असते. अंधांसाठीची सोय सुरू करायला आधी डोळस माणूस शोधावा लागतो. आणि कोट्यवधी घरांतल्या साध्या सेट टॉप बॉक्समध्ये तर लपवायलाही ती नसते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो आजकाल सगळ्यांत जास्त ऐकू येतो: आता रिमोटशीच बोलता येते, मग अडचण कसली? माइकचे बटण दाबा, ‘सह्याद्री लाव’ म्हणा, काम झाले. या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. टीव्हीने आपले ऐकणे आणि टीव्हीने आपल्याला सांगणे, या त्या दोन गोष्टी. रिमोटला सिनेमाचे नाव सांगितले की तो आज्ञाधारकपणे शोधतो आणि सापडलेली आठदहा नावे पडद्यावर मुकाट्याने मांडून ठेवतो. प्रश्न तोंडी, उत्तर लेखी. त्यातले कोणते फुकट, कोणते भाड्याने, कशाला पासवर्ड लागेल, हे सगळे पुन्हा डोळ्यांवर सोपवलेले. आपण बँकेच्या खिडकीत तोंडी विचारपूस केली आणि कारकुनाने उत्तर कागदावर लिहून काचेला चिकटवले, तर त्याला आपण सेवा म्हणणार नाही. शिवाय हे बोलके रिमोट नेटवर चालतात आणि पासवर्ड मोठ्याने उच्चारायला कुणी सांगू नये.

दुसरा आक्षेप जुना आहे, घरगुती आहे, आणि सहानुभूतीच्या सुरात येतो: अंधांना टीव्ही कशाला, रेडिओ आहे की. शिवाय घरात माणसे असतातच, कुणीही लावून देईल. आधी आकडे पाहू. २०११च्या जनगणनेत दृष्टिबाधित म्हणून नोंदलेल्यांची संख्या देशात ५० लाखांवर आणि महाराष्ट्रात पावणेसहा लाखांच्या आसपास होती. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. पण यापेक्षा बोलका आकडा आहे तो केंद्र सरकारच्या २०१५ ते २०१९ या काळातल्या अंधत्व सर्वेक्षणाचा. एकूण लोकसंख्येत अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के, पण पन्नाशीपुढच्यांत १.९९ टक्के. म्हणजे ज्या वयात माणूस घरात जास्त बसतो आणि टीव्ही हीच त्याची करमणूक, सोबत आणि घड्याळ होते, त्याच वयात नजर उतरते. मोतीबिंदू आहे, काचबिंदू आहे, आणि मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होणे आहे. देशात दहा कोटींवर मधुमेही असल्याचे आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. यातले बहुतेक लोक स्वतःला ‘अंध’ म्हणवून घेत नाहीत, कुठले प्रमाणपत्र काढत नाहीत. ‘हल्ली नीट दिसत नाही’ एवढेच म्हणतात आणि रिमोट नातवाच्या हाती देतात. आयुष्यभर पाहिलेली मालिका सोडून त्यांनी रेडिओकडे वळावे, असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? आणि आपल्या घरात रिमोट ही काही निव्वळ प्लास्टिकची कांडी नसते. तो ज्याच्या हातात, त्याची संध्याकाळ. दुसऱ्याने लावून दिलेला टीव्ही हा दुसऱ्याने निवडून दिलेला टीव्ही असतो. आजीला किती वेळा ‘थांब, हे संपू दे’ ऐकावे लागते, हे कुठल्याही सर्वेक्षणात येणार नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. उत्पादक सांगतात, ग्राहक मूठभर, त्यांच्यासाठी सगळ्यांच्या टीव्हीची किंमत का वाढवायची? पण मेन्यू वाचून दाखवायला वेगळे यंत्र लागत नाही, ते सॉफ्टवेअरचे काम आहे. एकदा लिहिले की लाखो टीव्हींत तेच जाते. तेच उत्पादक तीच सोय अमेरिकेत देतात, कारण तिथे ती द्यावीच लागते. अमेरिकी काँग्रेसने २०१०मध्ये एकविसाव्या शतकातील संपर्क आणि चित्रफीत सुगम्यता कायदा केला. त्याखालच्या नियमांनुसार २० डिसेंबर २०१६पासून टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सवरचे मेन्यू ऐकू येतील अशी व्यवस्था करणे बंधनकारक झाले. हा कायदा का करावा लागला, हेही पाहण्यासारखे आहे. कार्यक्रमांना श्राव्य वर्णन, म्हणजे पडद्यावर काय घडते ते सांगणारे निवेदन, देण्याचे नियम तिथल्या दूरसंचार आयोगाने आधीच केले होते. चित्रपट उद्योगाने कोर्टात धाव घेतली आणि आयोगाला तसा अधिकारच नाही, या मुद्द्यावर ते २००२मध्ये रद्द झाले. ते परत यायला कायदाच लागला. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २०१९चा. तो २८ जून २०२५पासून लागू झाला आणि त्याच्या कक्षेत स्मार्ट टीव्हीही येतात. या दोन्ही ठिकाणी बाजाराने आपणहून शेवटचा टप्पा गाठलेला नाही. सक्ती आल्यावर मात्र तोच खर्च कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

आपल्याकडे कायदा नाही, असे वाटत असेल तर तो समज चुकीचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम ४२ आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमे श्राव्य वर्णन, सांकेतिक भाषा आणि मथळ्यांच्या साह्याने दिव्यांगांना उपलब्ध होतील, आणि रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत मिळतील, याची तजवीज सरकारने करायची आहे. टीव्हीचे नाव त्यात नाही, पण रोजच्या वापरातले याहून इलेक्ट्रॉनिक काय असते? माहिती-तंत्रज्ञानाच्या उत्पादनांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानकही आहे आणि २०२३मध्ये ते याच अधिनियमाखालच्या नियमांत घेतले गेले. मग घोडे अडते कुठे? प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९मध्ये टीव्ही कार्यक्रमांसाठी सुगम्यता मानके जाहीर केली, ती केवळ कर्णबधिरांसाठी होती. वृत्तवाहिन्यांनी रोज एक बातमीपत्र सांकेतिक भाषेसह द्यावे, वगैरे. ते हवेच होते; त्याच दमात दृष्टिबाधितांचाही विचार झाला असता तर काही बिघडले नसते. मार्च २०२४मध्ये चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत दोघांनाही जागा मिळाली. त्याआधी जानेवारी २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीसाठी श्राव्य वर्णन तयार करायला सांगितले होते. म्हणजे सिनेमागृहाचा विचार झाला, मोबाइलवरच्या सिनेमाचा झाला, आणि मधल्या खोलीतला टीव्ही तसाच राहिला.

यातला सर्वांत मोलाचा धडा सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात दिला. सुगम्यतेचे नियम शिफारशीच्या भाषेत लिहिता येणार नाहीत, कायदा सक्ती सांगत असताना नियमाने विनंती करून चालणार नाही, असे म्हणत न्यायालयाने दिव्यांग हक्क अधिनियमाखालच्या २०१७च्या नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत आखायला सांगितले. या निकालाचा टीव्हीशी थेट संबंध आहे. टीव्ही विकायला मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, ती विजेचा धक्का बसू नये, आग लागू नये म्हणून. त्याची सुरुवात २०१२च्या आदेशाने झाली आणि तेव्हा कुणी ‘ऐच्छिक ठेवा’ म्हणत अडून बसले असते, तर आपण हसलो असतो. ज्या नोंदणीत विजेची तपासणी होते, त्याच नोंदणीत आणखी एक अट घालायची: नवा टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्स पहिल्यांदा चालू करताच, रिमोटवरचे एक ठरलेले बटण दाबून धरले की तो बोलू लागला पाहिजे. सगळ्या कंपन्यांना तेच बटण. अंतर्गत सॅटेलाइट ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी ब्युरोने स्वतंत्र मानक काढले आहे. म्हणजे टीव्हीच्या पोटात काय असावे हे सांगायची सवय सरकारला आहे.

आणि तो मराठीत बोलला पाहिजे. हा मुद्दा अस्मितेचा समजू नये. तो निव्वळ कळण्याचा आहे. सेट टॉप बॉक्सवरच्या याद्यांत मराठी मालिकांची नावे बहुधा रोमन अक्षरांत असतात. इंग्रजी आवाज ती वाचतो तेव्हा ‘आई’चे आणि ‘सून’चे जे होते, ते ऐकून हसू येईल, पण वाहिनी सापडणार नाही. गूगलच्या वाचक-आवाजांत मराठी आहे, मोबाइलवर अंध वापरकर्ते तो रोज ऐकतात. नावे देवनागरीत द्यायची, एवढे काम वाहिन्यांचे.

आता श्राव्य वर्णनाकडे वळू. संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत, पडद्यावर काय घडते आहे ते थोडक्या शब्दांत सांगणारा निवेदक. या विषयावर बोलताना महाभारतातल्या संजयाचा दाखला हमखास निघतो. तो फसवा आहे. संजय एका राजाला मिळालेला खास माणूस होता. प्रजेतल्या अंधांना युद्धाची बातमी कुणी सांगितली, याबद्दल कथा गप्प आहे. आपल्याला हवी आहे ती वाहिनीच्या सिग्नलबरोबर येणारी, सगळ्यांना मिळणारी सोय. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकून क्रिकेट ‘पाहिलेली’ पिढी आपल्याकडे होऊन गेली. तिच्या दृष्टीला काही झालेले नव्हते, मैदान दिसत नव्हते इतकेच. नभोनाट्याची परंपरा असलेल्या भाषेला हे कसब परके नाही.

इथला आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो मान्य केला पाहिजे. दैनंदिन मालिकेचा भाग अनेकदा प्रसारणाच्या जेमतेम आधी तयार होतो. त्यावर वर्णन लिहून, ध्वनिमुद्रित करून वेळेत जोडणे अवघड आहे. थेट बातम्यांबाबत तर अशक्यच. म्हणून सगळ्यांवर सरसकट बडगा उगारण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये प्रसारण नियामक ऑफकॉमची अट आहे, तीही कक्षेत येणाऱ्या वाहिन्यांच्या कार्यक्रमांपैकी दहा टक्क्यांपुरती. अमेरिकेत मोठ्या वाहिन्यांना तिमाहीला ८७.५ तास. नाटके, चित्रपट, ऐतिहासिक मालिकांचे पुनःप्रसारण, लहान मुलांचे कार्यक्रम, हे सगळे आधीपासून तयार असते. तिथून सुरुवात करता येते. दुसरा ध्वनिमार्गही शोधून काढायचा नाही. एकाच वाहिनीवर हिंदी, तमीळ, तेलुगू असे आवाज निवडण्याची सोय डिशवर वर्षानुवर्षे आहे. त्यात वर्णनाचा एक आवाज वाढवायचा. आणि गंमत म्हणजे, ज्या दैनंदिन मालिकांची आपण टर उडवतो, त्या या बाबतीत बऱ्यापैकी सुसह्य आहेत. पात्रे मनातले मोठ्याने बोलतात, येणाऱ्याचे नाव घेऊन स्वागत करतात, घडलेले पुन्हा सांगतात. समीक्षकांना खटकणारी ही सवय अंध प्रेक्षकाच्या पथ्यावर पडते. त्याला खरी अडचण येते ती चांगल्या दिग्दर्शकाच्या निःशब्द दृश्यात.

म्हणून माझ्या मते क्रम ठरवायचा तर आधी मेन्यू, मग वर्णन. श्राव्य वर्णनाची चर्चा आकर्षक असते, तिला पुरस्कार सोहळे मिळतात, इफ्फी चित्रपट महोत्सवात खेळ होतात. पण वर्णन असलेला सिनेमा ज्या यादीत दडला आहे ती यादीच वाचता येत नसेल, तर त्या वर्णनाचा उपयोग काय? नेटफ्लिक्सने २०१५च्या एप्रिलमध्ये ‘डेअरडेव्हिल’ या अंध नायकाच्या मालिकेपासून श्राव्य वर्णन देऊ केले. आज अशा सेवांवर ते शेकडो कार्यक्रमांना आहे. तिथपर्यंत पोचायचे तर ध्वनीचा पर्याय निवडणाऱ्या एका छोट्या, न बोलणाऱ्या खिडकीतून जावे लागते. आणि निवेदकाने दूरध्वनी क्रमांक तोंडाने उच्चारायला तर कुठलेच तंत्रज्ञान, कुठलाच नियम लागत नाही. उद्याच्या बातमीपत्रापासून हे होऊ शकते.

तोवर वाचकाला एक करता येईल. दसरा-दिवाळीला नवा टीव्ही घ्यायला जाल तेव्हा विक्रेता तुम्हाला काळा रंग किती गडद दिसतो ते दाखवेल. त्याचे ऐकून घ्या. मग त्याला डोळे मिटायला सांगा, रिमोट त्याच्या हातात द्या आणि म्हणा, ‘आता सह्याद्री लावून दाखवा.’